पहिला सेक्टर कुणाचा?

2016 च्या भाऊबीजेची रात्र. परंड्यात तहसील कचेरीच्या रस्त्याला आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. दिवाळीची सुट्टी संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडायचं होतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला पोरं येणार होती. दोन प्रतिज्ञापत्रं टाइप करून ठेवलेली होती, त्यांचे प्रिंट द्यायचे होते. आणि दुकानातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर फक्त दोन ओळी होत्या. पहिलीचा अर्थ, असं पार्टिशन सापडत नाही. दुसरी म्हणजे 'ग्रब रेस्क्यू' एवढे दोन शब्द, आणि त्यांच्यापुढे लुकलुकणारी रेघ.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दसऱ्याला घरी आलो तेव्हा याच कॉम्प्युटरवर विंडोज 7 च्या शेजारी उबुंटू बसवून गेलो होतो. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते काही मानवलं नाही. त्याची कारणं पुढे येतील. म्हणून दिवाळीत आल्यावर मी विंडोजमध्ये गेलो आणि उबुंटूचं पार्टिशन डिलीट करून टाकलं. 40 जीबी जागा मोकळी झाली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर हे.

अण्णा मागे उभे होते. "काय केलास?" म्हणाले. मग थोडं थांबून, "गेलं का सगळं?"

सगळं म्हणजे कित्येक वर्षांचं टायपिंग. खरेदीखतांचे मसुदे, वाटणीपत्रं, गावोगावच्या लोकांचे अर्ज. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे, पण ते नीट सांगायचं तर 1983 पर्यंत मागे जावं लागेल.

512 बाइटांची जागा

कॉम्प्युटर सुरू केल्यावर मदरबोर्डवरच्या बायोसला विंडोज काय, लिनक्स काय, काहीच माहीत नसतं. त्याला शिकवलेलं एवढंच की हार्डडिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिले 512 बाइट उचलायचे, शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे का ते बघायचं आणि असली तर पुढचा कारभार त्या सेक्टरमधल्या प्रोग्रॅमकडे सोपवून मोकळं व्हायचं. त्या 512 पैकी 2 बाइट खुणेचे. 64 बाइटांत डिस्कचे तुकडे कुठून कुठपर्यंत आहेत त्याची नोंद, म्हणजे पार्टिशन टेबल. उरलेले 446 बाइट प्रोग्रॅमला. युनिकोडमध्ये देवनागरीच्या एकेका खुणेला साधारण तीन बाइट लागतात, म्हणजे या परिच्छेदाची पहिली दोन वाक्यंसुद्धा तिथे मावणार नाहीत.

ही मांडणी आली मार्च 1983 मध्ये, आयबीएमच्या पीसी एक्सटी या मॉडेलसोबत आणि डॉसच्या 2.0 आवृत्तीसोबत. एक्सटीला 10 एमबीची हार्डडिस्क होती. पार्टिशन टेबलमध्ये चार रकाने होते. 10 एमबीच्या डिस्कला चार तुकडे कशाला? कारण एका डिस्कवर एकापेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टिम राहतील असं तेव्हा गृहीतच धरलेलं होतं. 1981 साली आयबीएमने पहिला पीसी जाहीर केला तेव्हा त्याच्यासाठी तीन सिस्टिम सांगितल्या होत्या: पीसी डॉस, सीपीएम-86 आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. घेणाऱ्याने ठरवायचं. पण डॉसची किंमत 40 डॉलर आणि सीपीएम-86 ची 240 डॉलर. लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको.

म्हणजे 'दुसरी सिस्टिम बसवणं' हा नंतर कुणा हौशी पोरांनी काढलेला उद्योग नाही. ती सोय पहिल्यापासून होती. प्रत्येक तुकड्यात वेगळी सिस्टिम राहू शकते आणि त्यातल्या एका तुकड्यावर 'चालू' अशी खूण करायची, एवढं त्या 64 बाइटांत लिहिलेलं होतं. ठरवलेलं नव्हतं ते हे, की चार बिऱ्हाडांचा दरवाजा एकच असेल तर त्याची किल्ली कुणाकडे राहणार? जो शेवटी येईल तो पहिल्या सेक्टरमध्ये आपला प्रोग्रॅम लिहील आणि आधीच्याचा पुसेल. पुढची बरीच वर्षं विंडोजचं इन्स्टॉलेशन हेच करत आलं. आधी तिथे कोण आहे, हे विचारायची पद्धतच नव्हती.

चार अक्षरं

लिनक्सचा जन्मही शेजारच्या पार्टिशनमधलाच. 1991 च्या जानेवारीत हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 386 पीसी घेतला आणि त्यावर मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली सिस्टिम टाकली. तिच्या आधाराने तो स्वतःची सिस्टिम लिहीत होता. एके दिवशी त्याने चुकून मॉडेमऐवजी हार्डडिस्कलाच फोन लावला. डायल करायच्या सूचना थेट डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि मिनिक्सचं पार्टिशन खराब झालं. मिनिक्स पुन्हा बसवायचं की आपलीच सिस्टिम पुरी करायची, असा प्रश्न आला तेव्हा त्याने दुसरा रस्ता धरला. दुसरी सिस्टिम बसवताना पहिली उडवणाऱ्यांच्या यादीत माझ्या बऱ्याच आधी हे नाव आहे, हे मला पुढे कळलं आणि जरा बरं वाटलं.

दोन सिस्टिम नांदवायच्या तर दारात दोघांना ओळखणारा कुणीतरी हवा. 1992 साली वेर्नर आल्म्सबर्गर यांनी लिलो लिहिला, म्हणजे लिनक्स लोडर. तो सुरू होताना पडद्यावर स्वतःचं नाव एकेक अक्षर करत लिही. एक टप्पा पार पडला की एक अक्षर. चारही उमटली तर सगळं ठीक. दोनच उमटून थांबला तर पहिला टप्पा झाला, दुसरा सापडला पण चालू झाला नाही, असा अर्थ. मावेल एवढ्या जागेत बिचारा याहून जास्त काय बोलणार? त्याची अडचण अशी होती की लिनक्सची मुख्य फाइल डिस्कवर कुठल्या ठिकाणी आहे ते तो आधीच पाठ करून ठेवी. फाइल बदलली आणि लिलोला ते पुन्हा शिकवायला विसरलात, की पुढच्या वेळी मशीन उठत नसे. शिवाय जुन्या बायोसला डिस्कच्या पहिल्या 1024 सिलिंडरांपलीकडचं वाचता येत नसे. त्यामुळे नवी सिस्टिम डिस्कच्या शेवटी बसवली की सगळं बरोबर असूनही ती सुरूच होत नसे.

भारतात 1990 च्या दशकात लिनक्स पोचलं ते बरंचसं कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत येणाऱ्या सीड्यांमधून. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येत होतं तेव्हा अख्खी सिस्टिम उतरवून घेणं शक्यच नव्हतं. पुढे 2005 पासून 2011 पर्यंत उबुंटूवाले मागेल त्याला घरपोच फुकट सीडी पाठवत. आमच्या होस्टेलवर सीनियर पोरांकडे त्यातल्या एकदोन सीड्या जपून ठेवलेल्या होत्या.

तोवर लिलोची जागा ग्रबने घेतली होती. 1995 मध्ये एरिक बोलीन यांनी तो सुरू केला आणि 1999 मध्ये तो ग्नू प्रकल्पात आला. ग्रबला डिस्कवरची फाइल सिस्टिम वाचता येते, त्यामुळे जागा पाठ करण्याची गरज उरली नाही. पण एवढी अक्कल 446 बाइटांत कशी मावणार? म्हणून ग्रब तीन ठिकाणी राहतो. इवलासा तुकडा पहिल्या सेक्टरमध्ये. थोडा मोठा तुकडा त्याच्या पाठीमागच्या, पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधीच्या रिकाम्या जागेत. आणि बाकीचा सगळा संसार, मेनू, सेटिंग वगैरे, लिनक्सच्या पार्टिशनमध्ये.

आता त्या भाऊबीजेच्या रात्री काय झालं ते सांगता येईल. मी विंडोजमधून उबुंटूचं पार्टिशन डिलीट केलं तेव्हा ग्रबचा संसार गेला. दारातला तुकडा मात्र जागेवरच होता. मशीन चालू झाल्यावर तो नेहमीप्रमाणे उठला, घराचा पत्ता बघितला, तिथे घरच नव्हतं. विंडोज जसंच्या तसं होतं, अण्णांचं टायपिंगही होतं. फक्त तिकडे नेणारा कुणी नव्हता.

हे मला त्या रात्री मोबाइलवर वाचून वाचून कळलं. जिओचं सिम नुकतंच आलं होतं आणि डेटा फुकट होता, नाहीतर सकाळी मशीन पिशवीत घालून बार्शीला न्यावं लागलं असतं. आधी त्या लुकलुकत्या रेघेपुढे 'एलएस' टाइप केलं. डिस्कवरच्या पार्टिशनांची यादी आली. एकेक उघडून बघितलं, ग्रबच्या फाइली कशातच नव्हत्या. मग अण्णांना विचारलं, विंडोजची डीव्हीडी आहे का. ते आत गेले आणि कपाटातून गॅरंटी कार्डांची फाइल घेऊन आले. इन्व्हर्टरचं कार्ड, मिक्सरचं कार्ड, आणि मागे प्लॅस्टिकच्या पाकिटात ती डीव्हीडी. तिच्यावरून मशीन सुरू केलं, दुरुस्तीचा पर्याय निवडला आणि पहिला सेक्टर नव्याने लिहायची एक ओळीची आज्ञा दिली. ती फक्त 446 बाइटांचा प्रोग्रॅम बदलते, पार्टिशन टेबलला हात लावत नाही. पुन्हा चालू केल्यावर विंडोज उठलं. सव्वादोन वाजले होते. अण्णांनी प्रतिज्ञापत्राची फाइल उघडून बघितली, बंद केली आणि झोपायला गेले.

करायला हवं होतं ते उलट क्रमाने. आधी पहिला सेक्टर विंडोजला परत द्यायचा, मग लिनक्सचं पार्टिशन काढायचं. घर पाडायच्या आधी पत्ता बदलायचा, एवढीच गोष्ट.

साडेपाच तासांचा फरक

अण्णांना उबुंटू का मानवलं नव्हतं, त्याचं पहिलं कारण घड्याळ. मी दसऱ्यानंतर गेल्यावर चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "पावतीवर पहाटेची वेळ येती. साडेदहाला प्रिंट काढली तर पाच दाखवतं. गिऱ्हाईक हसतंय."

बरोबर साडेपाच तास. ज्याने भारतात बसून दोन सिस्टिम बसवल्या आहेत त्याला हा आकडा ओळखीचा असतो. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, सेलवर चालणारं. 1984 च्या पीसी एटीपासून ते पीसीत आलं. डॉसने त्यात स्थानिक वेळ ठेवली, म्हणजे भिंतीवर जी असेल ती. विंडोजने तीच रीत पुढे चालवली. लिनक्स मात्र युनिक्सच्या घराण्यातलं. त्याच्या मते त्या घड्याळात जागतिक वेळ असते आणि दाखवताना तिच्यात आपापल्या देशाचा फरक मिळवायचा. दुकानात शिकायला येणारा पोरगा दुपारी हौसेने उबुंटू उघडी. उबुंटू इंटरनेटवरून वेळ घेऊन घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवी. मग विंडोज उठलं की ती स्थानिक समजून साडेपाच तास मागे. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. दोघं एकच आकडा वाचत होते आणि तो कुठल्या हिशोबाचा, यावर त्यांचं एकमत नव्हतं. दोघांपैकी एकाला समजावून सांगायचं, एवढाच उपाय. लिनक्सला 'या घड्याळात स्थानिक वेळ आहे' असं सांगणारी एक आज्ञा आहे. ती मी अण्णांना फोनवर एकेक अक्षर सांगून टाइप करायला लावली.

फोन ठेवताना ते म्हणाले, "म्हणजे फसलीसारखं झालं हे."

आमच्या जिल्ह्यातल्या दस्तऐवजांचं काम करणाऱ्यालाच हे सुचू शकतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कागद उर्दूत, आणि तारीख फसली सनाची. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचं, त्याचे महिने अजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. फसली आकड्यात 590 मिळवले की ते वर्ष इसवी सनाच्या कुठल्या सालात सुरू झालं ते कळतं. 1357 फसली म्हणजे 1947 च्या ऑक्टोबरपासूनचं वर्ष. इकडे परंड्याहून बाजाराला जायचं ते बार्शीला, आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. तिथे तारीख वेगळी आणि पैसाही वेगळा. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. हाली चलन तर विलीनीकरणानंतरही 1959 पर्यंत रेंगाळलं. या भागातल्या दोन पिढ्यांनी दोन हिशोब डोक्यात ठेवून व्यवहार केले. बाजार करणाऱ्याला कुठला आकडा कुठल्या हिशोबाचा ते माहीत होतं. घोटाळा होतो तो कागदावर नुसता आकडा उरतो आणि हिशोब सांगणारा माणूस उरत नाही तेव्हा. आजही वारसाच्या किंवा दाखल्याच्या कामात जुना कागद निघाला की आधी हेच बघावं लागतं. आता त्यात आणखी एक भर पडली आहे. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद हे नाव जाऊन 2023 मध्ये जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाला. माझ्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे, मामेबहिणीच्या फॉर्मवर धाराशिव.

मराठीची अडचण

दुसरं कारण जास्त गंभीर होतं. अण्णांची एकही मराठी फाइल उबुंटूत वाचता येत नव्हती. उघडली की इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांचा काला. फाइल खराब नव्हती. ती मुळात मराठीत लिहिलेलीच नव्हती.

1980 च्या दशकाच्या शेवटी पुण्यात सीडॅक सुरू झालं. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं जे काम आधी आयआयटी कानपूरमध्ये झालं होतं, ते तिथे जिस्ट या नावाने पुढे गेलं. 1991 साली इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचं प्रमाणही ठरलं. पण छपाईच्या आणि टायपिंगच्या धंद्यात चालले ते वेगळेच फॉन्ट. त्यात 'क'ला स्वतःचा क्रमांक नव्हता. इंग्रजीतल्या एखाद्या अक्षराच्या क्रमांकावर 'क'चं चित्र बसवलेलं असे. कुठल्या क्रमांकावर काय, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. फॉन्ट मशीनवर असेल तोवर मराठी दिसते. फॉन्ट नसेल तर खाली दडलेली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. अण्णांचं सगळं टायपिंग अशाच फॉन्टात होतं, आणि तो फॉन्ट देणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत होतं.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. विंडोजमध्ये ती 2000 साली आली, मंगल फॉन्टसोबत. लिनक्सवर मराठी नीट दिसावी म्हणून इंडलिनक्ससारख्या गटांनी काम केलं आणि 2004 मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. म्हणजे 2016 मध्ये उबुंटूवर मराठी उत्तम लिहिता येत होती. अडचण होती ती आधीच लिहून झालेल्या मराठीची. दोन सिस्टिममध्ये ये-जा करायची तर त्यांची मधली भाषा एक हवी, आणि आमच्या दुकानात ती नव्हती. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या फाइली युनिकोडमध्ये बदलायला घेतल्या. जोडाक्षरं आणि रफार मोडत होते, ते हाताने दुरुस्त करावे लागले. तीन सुट्ट्या गेल्या. दुसरी सिस्टिम बसवण्यातलं सगळ्यांत मोठं काम ते होतं.

आधी कोण शिकवलं

आता हे एवढं का करायचं, असं कुणीही विचारेल. अण्णांनीही विचारलं होतं. आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजेच विंडोज हे समीकरण कसं रुजलं? 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्यातालुक्यात पोचली. अनेक सरकारी पदांसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं. त्या कोर्सने महाराष्ट्रातल्या लाखो लोकांच्या हातात पहिल्यांदा माउस दिला, हे मोठंच काम. माझ्या आईनेही तो केला आहे. पण त्यात शिकवलं जाई ते विंडोज आणि त्यावरचं ऑफिस. मग दुकानात तेच, शाळेत तेच, कचेरीत तेच.

याउलट प्रयोगही महाराष्ट्रात झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट इथल्या छोट्या शाळेत 2007 साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यावर लिनक्स आणि मुलांसाठी बनवलेली शुगर नावाची मांडणी होती. हे भारतातलं त्यांचं पहिलं ठिकाण. पण जगभरातल्या सरकारांना विंडोज हवं होतं, आणि मे 2008 मध्ये त्या प्रकल्पाने मायक्रोसॉफ्टसोबत करार करून त्याच लॅपटॉपवर विंडोज एक्सपी चालेल असं जाहीर केलं. मुलाने मशीन आतून उघडून बघावं म्हणून काढलेला लॅपटॉपसुद्धा शेवटी दोन सिस्टिमच्या प्रश्नापाशी येऊन थांबला.

दारावर किल्ली आली

2012 नंतर दाराची रचनाच बदलली. बायोसच्या जागी यूईएफआय आलं आणि 64 बाइटांच्या टेबलाऐवजी जीपीटी. चार पार्टिशनांची मर्यादा गेली, आता सहज 128 करता येतात. पहिल्या सेक्टरसाठीची भांडणंही संपली, कारण सुरुवातीच्या फाइलींसाठी एक वेगळं छोटं पार्टिशन ठेवलं आणि त्यात प्रत्येक सिस्टिमला स्वतःचं फोल्डर मिळालं. 1983 ची चूक दुरुस्त झाली, असं म्हणता येईल.

पण त्याच सुमारास, ऑक्टोबर 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 सोबत सिक्युअर बूट आलं. सुरुवातीच्या प्रोग्रॅमवर ओळखीची डिजिटल सही असेल तरच तो चालवायचा. कारण खोटं नव्हतं. पहिल्या सेक्टरमध्ये व्हायरस लपवायची युक्ती फार जुनी आहे. मात्र बाजारातल्या जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये जी सही ओळखीची होती ती मायक्रोसॉफ्टची. मग लिनक्सने काय करायचं? मॅथ्यू गॅरेट आणि इतरांनी 'शिम' नावाचा छोटासा प्रोग्रॅम केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची, आणि मग शिमने ग्रबला ओळखून आत घ्यायचं. लिनक्स आजही बहुतेक लॅपटॉपवर याच वाटेने आत येतं.

या वाटेवर काय होऊ शकतं ते ऑगस्ट 2024 मध्ये दिसलं. ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या होत्या. विंडोजच्या 13 ऑगस्टच्या अपडेटने त्या जुन्या आवृत्त्यांना दार बंद केलं. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर हे लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण अशी मशीन ओळखण्यात चूक झाली. जगभर अनेकांचं लिनक्स उठेना. पडद्यावर काहीतरी फारच बिघडलं आहे अशा अर्थाची ओळ येई आणि मशीन बंद होई. पूर्ण दुरुस्ती मे 2025 च्या अपडेटमध्ये आली.

त्याच वर्षी गणपतीत मामेबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती धाराशिवला इंजिनिअरिंगला आहे. "दादा, इन्स्टॉलरला माझी डिस्कच दिसत नाहीये. आणि एक सेटिंग बदललं तर आता विंडोज 48 आकडी की मागतंय. काय करू?" आवाजावरून घाबरली होती, आणि का ते मला चांगलंच माहीत होतं.

डिस्क न दिसण्याचं कारण बायोसमधलं एक सेटिंग असतं. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क इंटेलच्या एका खास कंट्रोलरमागे ठेवलेली असते आणि इन्स्टॉलरला ती सापडत नाही. सेटिंग थेट बदललं तर विंडोज उठत नाही. आधी त्याला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग सेटिंग बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्यायचं. आणि 48 आकडी की मागतो तो बिटलॉकर. डिस्क कुलूपबंद असते, सुरुवातीच्या साखळीत काही बदललं की तो मालकाची खात्री करून घेतो. बऱ्याच जणांना आपली डिस्क कुलूपबंद आहे हेच माहीत नसतं, कारण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करतानाच ते होऊन गेलेलं असतं. की त्याच खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून तिने खातं उघडलं, की सापडली, आकडे टाकले. जुनं सेटिंग परत केलं, विंडोज उठलं. मग आम्ही सगळं पुन्हा, या वेळी क्रमाने केलं. आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर. मग ती की कागदावर. मग विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद, कारण ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याचं पार्टिशन लिनक्सला सुरक्षितपणे लिहिता येत नाही. मग बिटलॉकर तात्पुरता थांबवला. मग विंडोजमधूनच जागा कमी केली. आणि सर्वांत शेवटी इन्स्टॉलर.

बसवल्यावर मेनूत विंडोज दिसेना. तेही अपेक्षित होतं. 2021 च्या ग्रब 2.06 पासून इतर सिस्टिम शोधण्याची सोय सुरक्षेसाठी मुळात बंद ठेवलेली असते. एक ओळ बदलून ती चालू करावी लागते. ती ओळ तिने स्वतः शोधली.

दुकानातलं मशीन

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. दुकानातल्या त्या जुन्या मशीनवर मधल्या काळात विंडोज 10 आलं होतं. विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा चिप त्यात नाही. मशीन चालतं, कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेली तरी अण्णांची बोटं चालतात, पण त्याला नवीन सिस्टिम मिळणार नाही. अशी मशीन आमच्या रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक दुकानात आहेत.

त्या महिन्यात दिवाळीला घरी गेलो तेव्हा अण्णांनीच विषय काढला. "ते तुझं दुसरं बसव की आता. फायली तर बदलल्यास तू." मी आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग दुसरं पार्टिशन केलं, विंडोज राहू दिलं, कारण एका सरकारी कामाचं सॉफ्टवेअर अजून त्यावरच चालतं. मेनूत पहिलं नाव लिनक्सचं ठेवलं. घड्याळाचं सेटिंग न विसरता केलं.

तुम्ही हे बहुधा मोबाइलवर वाचत असाल. त्यातही सुरू होताना असाच एक छोटा प्रोग्रॅम आधी उठतो आणि सही तपासतो. बहुतेक फोनमध्ये तो कुलूपबंद असतो, आणि काहींमध्ये ते कुलूप काढायची सोयच नसते. 1983 मध्ये दार उघडं होतं आणि किल्ली कुणाची ते ठरलेलं नव्हतं. आता किल्ली आहे, पण ती बहुतेकदा मशीन विकत घेणाऱ्याच्या खिशात नसते. म्हणून ती 48 आकडी की तरी कागदावर लिहून ठेवा. अण्णांनी दुकानातल्या मशीनच्या बॅकअपची तारीख आणि मेनूत काय निवडायचं ते एका कागदावर लिहून घेतलं. तो कागद गॅरंटी कार्डांच्या फाइलमध्ये, त्या डीव्हीडीच्या पाकिटामागे आहे.